आठाच्या घरातली मोजणी: ऑक्टलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकरोडला संध्याकाळी मी प्रोग्रामिंग शिकवतो. वर्गात डिप्लोमाची मुलं असतात, बीसीएस-बीसीएची असतात, आणि सातपूर-अंबडच्या कंपन्यांतून शिफ्ट संपवून येणारेही असतात. पहिल्याच महिन्यात सगळ्यांना एक छोटं काम देतो: शून्यापासून मोजत जा, दर ओळीला एक संख्या छापा, पण ऑक्टलमध्ये. प्रोग्राम तीन-चार ओळींचा. त्यातून जेवढे प्रश्न निघतात तेवढे दुसऱ्या कुठल्या धड्यातून निघत नाहीत. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कोड वर्गात मोठ्याने वाचतो तसाच लिहिला आहे. कीबोर्डवर तो इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचा.

ऑक्टल म्हणजे काय? सातानंतर एकदम दहा कसे येतात?

ऑक्टलला आपल्या पाठ्यपुस्तकांत अष्टमान पद्धती म्हणतात. तिच्यात अंक आठच: ० ते ७. आठ आणि नऊ हे अंकच नाहीत. स्कूटरचं किलोमीटर दाखवणारं जुनं मीटर आठवा. उजवीकडचं चाक ९ वरून ० वर आलं की शेजारचं चाक एक घर पुढे सरकतं. आता त्याच चाकांवर फक्त ० ते ७ कोरलेत असं समजा. ७ नंतर उजवं चाक ० वर येईल आणि डावं १ वर जाईल. काचेत १० दिसेल, पण गाडी आठच किलोमीटर चाललेली असेल. तसंच १७ नंतर २०, ७७ नंतर १००, ७७७ नंतर १०००.

ऑक्टलमधल्या १०० ची किंमत चौसष्ट. हे ऐकून नवी मुलं गोंधळतात, पण ज्यांच्या घरात जुन्या हिशोबाची आठवण आहे त्यांना ते चटकन पटतं. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाला चौसष्ट पैसे. ते पैसे ऑक्टलमध्ये लिहिले तर रुपयाचे बरोबर १०० होतात, आठ आण्यांचे ४०, पावलीचे २० आणि दोन आण्यांचे १०. अर्धं, पाव, अर्धपाव असं सारखं निम्मं करत जाणारा हिशोब आठाच्या घरात किती सरळ बसतो ते यातून दिसतं.

ऑक्टलमधल्या १० ला 'दहा' म्हणायचं का?

नाही. 'एक-शून्य' म्हणा. 'दहा' हा शब्द एका ठरावीक संख्येचं नाव आहे, आणि ती संख्या ऑक्टलमध्ये १२ अशी लिहितात. वर्गात मी याबाबत फार काटेकोर असतो. तोंडाने 'दहा' म्हटलं की डोकं पुढचा सगळा हिशोब दहाच्या घरात करायला लागतं.

प्रोग्रामला ऑक्टलमध्ये मोजायला वेगळं शिकवावं लागतं का?

अजिबात नाही. या सगळ्या पानावर मला कळकळीने सांगायची गोष्ट हीच आहे. मोजणी आणि लिखाण ही दोन वेगळी कामं आहेत. व्हेरिएबलमध्ये संख्या असते. ती दशमान नसते, अष्टमानही नसते. तिच्यात एक मिळवला की पुढची संख्या येते. ती पडद्यावर कुठल्या अंकांत लिहायची हा प्रश्न छापताना येतो, त्याआधी नाही.

दरवर्षी एक-दोन विद्यार्थी असा प्रोग्राम लिहितात: संख्येचा शेवटचा अंक ८ झाला की तिच्यात २ मिळव, ७८ आला की २२ मिळव. काही ओळींपर्यंत उत्तर बरोबर येतं, मग अटी वाढत जातात आणि ७७७ च्या पुढे सगळं फिसकटतं. त्यांची मेहनत खरी असते; फक्त लिखाणाचं काम मोजणीच्या गळ्यात बांधलेलं असतं.

हाताने रूपांतर करायचं तर आठाने भागत जायचं आणि बाक्या खालून वर वाचायच्या. नाशिकचा पिन कोड घेऊ, ४२२००१.

४२२००१ ला ८ ने भागा: भागाकार ५२७५०, बाकी १
५२७५०: भागाकार ६५९३, बाकी ६
६५९३: भागाकार ८२४, बाकी १
८२४: भागाकार १०३, बाकी ०
१०३: भागाकार १२, बाकी ७
१२: भागाकार १, बाकी ४
१: भागाकार ०, बाकी १

खालून वर वाचा: १४७०१६१. ही संख्या आणि ४२२००१ एकच आहेत, लिखाण दोन तऱ्हेचं. प्रत्येक भाषेचं तयार फंक्शन आतून हेच करतं, किंवा त्याहून सोपं, तीन-तीन बिट (संगणकातले ० किंवा १) एकेका अंकात बदलत जातं. आठ म्हणजे दोनाचा तिसरा घात, म्हणून ऑक्टलचा एक अंक म्हणजे नेमके तीन बिट.

सी मध्ये कसं करायचं?

अनसाइन्ड इंट (ऋण संख्या नसलेला पूर्णांक) प्रकारचं व्हेरिएबल घ्या, शून्यापासून सुरू करा, लूपमध्ये प्रिंटएफला टक्क्याचं चिन्ह आणि त्यापुढे छोटा ओ द्या. झालं. साधा इंट घेऊ नका, कारण हा ओ अनसाइन्ड संख्येची अपेक्षा धरतो.

खरी गंमत शेवटाला आहे. 'मावेल तिथपर्यंत मोजा' असं सांगितलं की मुलं अट लिहितात: आय हा यूइंट-मॅक्सपेक्षा (म्हणजे त्यात मावणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येपेक्षा) लहान किंवा तेवढाच असेपर्यंत. ती अट कधीच खोटी होत नाही. बत्तीस बिटांत शेवटची संख्या ऑक्टलमध्ये ३७७७७७७७७७७, म्हणजे एक तीन आणि त्यापुढे दहा साता. तिच्यात एक मिळवला की अनसाइन्ड संख्या नियमाप्रमाणे शून्यावर येते आणि लूप पुन्हा पहिल्यापासून धावायला लागतो. म्हणून डू-व्हाइल वापरा: आधी छापा, मग एक मिळवा, आणि पुन्हा शून्य आला की थांबा. साइन्ड इंटला हा भरवसा नाही. तो भरून वाहिला तर पुढे काय होईल ते सीच्या मानकाने बांधूनच दिलेलं नाही.

पहिला अंक ३ का, हेही मुलं विचारतात. बत्तीस बिटांचे तीन-तीनचे दहा गट पाडले की वर दोन बिट उरतात, आणि दोन बिटांत जास्तीत जास्त तीनच मावतात. चौसष्ट बिटांचे एकवीस गट होऊन वर एक बिट उरतो, म्हणून तिथे एक १ आणि त्यापुढे एकवीस साता.

सी++ मध्ये एकदा ऑक्ट लिहिलं आणि पुढचे सगळेच आकडे बदलले. असं का?

कारण सी-आउटला दिलेला ऑक्ट चिकटून राहतो. डेक देईपर्यंत त्या प्रवाहातून बाहेर पडणारी प्रत्येक पूर्णांक संख्या ऑक्टलमध्येच छापली जाते. सेट-डब्ल्यू फक्त पुढच्या एका छपाईपुरता चालतो, म्हणून ऑक्टही तसाच असेल असं वाटतं. तो तसा नाही. माझ्या स्वतःच्या एका प्रोग्राममध्ये फाइलच्या परवानग्या छापल्यावर मी डेक लिहायला विसरलो होतो, आणि खाली छापलेली फाइलींची संख्या ४८ च्या जागी ६० आली. दोन्ही आकडे तोंडावर खरे वाटतात, त्यामुळे चूक सापडायला अख्खी दुपार गेली.

जावामध्ये?

इंटिजर क्लासचं टू-ऑक्टल-स्ट्रिंग वापरा, किंवा स्ट्रिंग-फॉरमॅटला तोच टक्का आणि ओ द्या. जावाचा इंट साइन्ड आहे आणि भरला की निश्चितपणे ऋण टोकाला जातो, त्यामुळे 'आय शून्यापेक्षा मोठा किंवा तेवढाच' ही अट इथे नीट थांबते. शेवटी छापलेली ओळ १७७७७७७७७७७ असते.

ऋण संख्या मात्र टू-ऑक्टल-स्ट्रिंग बिट जसेच्या तसे वाचून दाखवतं. उणे एक दिला तर ३७७७७७७७७७७ मिळतात. उणे चिन्ह हवं असेल तर टू-स्ट्रिंगला दुसरं आर्ग्युमेंट ८ द्या.

पायथनमध्ये ओसीटी वापरलं की पुढे ०ओ येतं, ते कसं काढायचं?

ऑक्ट फंक्शन पायथनच्या कोडमध्ये परत चिकटवता येईल असं लिखाण देतं, म्हणून आठला ०ओ१० असं उत्तर येतं. नुसते अंक हवे असतील तर फॉरमॅट फंक्शनला संख्या आणि 'ओ' हे अक्षर द्या, किंवा एफ-स्ट्रिंगमध्ये अपूर्णविराम देऊन ओ लिहा. उलट दिशेला इंट फंक्शनला मजकूर आणि ८ द्यायचे.

पायथनचा पूर्णांक भरून वाहत नाही. मेमरी पुरेल तोवर तो वाढतो, त्यामुळे इथे मोजणीला शेवट नाही; कंट्रोल-सी दाबायचं.

मराठी वाचकांसाठी एक खास गोष्ट. पायथनचं इंट फंक्शन देवनागरी अंक ओळखतं. मजकूर म्हणून '१७' आपल्या अंकांत लिहा, पाया ८ सांगा, उत्तर पंधरा येतं. '१८' दिलं तर व्हॅल्यू-एरर, कारण ८ हा अंक तिथे चालत नाही. कोडमध्ये अवतरणाबाहेर देवनागरी अंक लिहिता येत नाहीत, हे मात्र लक्षात असू द्या. जावास्क्रिप्टच्या पार्स-इंटला तोच मजकूर दिला तर उत्तर नॅन, म्हणजे संख्या नाही.

जावास्क्रिप्टमध्ये माझी मोजणी एका जागी अडकून राहिली. कोडमध्ये तर चूक दिसत नाही.

कोडमध्ये चूक नसेलच. संख्येला टू-स्ट्रिंग लावून कंसात ८ दिले की ऑक्टल मिळतं. पण जावास्क्रिप्टची साधी संख्या मुळात दशांश चिन्हाची संख्या असते आणि तिच्यात त्रेपन्न बिटांपर्यंतचेच सगळे पूर्णांक नेमके मावतात. तुम्ही दोनाच्या त्रेपन्नाव्या घाताच्या आसपासून मोजायला सुरुवात केली असेल तर ऑक्टलमध्ये एक ४ आणि त्यापुढे सतरा शून्यं अशी संख्या दिसेल आणि मग तीच ती छापली जाईल. तिथे एक मिळवून पुढची संख्या साठवायला जागाच नाही, ती मागच्या संख्येवर येऊन बसते. त्यापुढे जायचं असेल तर बिगइंट घ्या.

यातच एक सुंदर गोष्ट आहे: टू-स्ट्रिंग अपूर्णांकही ऑक्टलमध्ये देतं. अर्धा म्हणजे ०.४, पाव म्हणजे ०.२, एक अष्टमांश म्हणजे ०.१. पावकी-निमकीचे पाढे म्हटलेल्यांना हे वाचायला आवडेल.

बाकीच्या भाषांचं थोडक्यात सांगा.

गो मध्ये प्रिंटएफचा तोच छोटा ओ. मोठा ओ दिला तर पुढे ०ओ लावून देतो. रस्टमध्ये महिरपी कंसात अपूर्णविराम आणि ओ. रस्टचा एक गुण मला फार आवडतो: डीबग बिल्डमध्ये संख्या भरून वाहिली तर प्रोग्राम तिथेच थांबून तसं सांगतो. रुबीत टू-एस ला ८ द्या. पीएचपीत डेक-ऑक्ट आणि उलट ऑक्ट-डेक. पर्लमध्ये सांभाळा: तिथलं ऑक्ट नावाचं फंक्शन ऑक्टल मजकूर वाचून संख्या देतं, म्हणजे पायथनच्या ऑक्टच्या बरोबर उलट, छापायला स्प्रिंटएफ लागतं. सी शार्पमध्ये कन्व्हर्टचं टू-स्ट्रिंग, दुसरं आर्ग्युमेंट ८. एक्सेलवर काम करणाऱ्यांसाठी डेक-टू-ऑक्ट हे सूत्र आहे, पण ते ५३६८७०९११ च्या पुढे एरर देतं.

मी नाशिकचा एसटीडी कोड व्हेरिएबलमध्ये ठेवला, छापल्यावर १७१ आला. हे काय?

हा प्रश्न दर बॅचमध्ये येतो आणि मी त्याची वाटच पाहत असतो.

नाशिकचा कोड ०२५३. सी, सी++, जावा, पीएचपी, रुबी, पर्ल, गो आणि जुन्या पद्धतीचं जावास्क्रिप्ट या सगळ्यांत शून्याने सुरू होणारा पूर्णांक ऑक्टल समजला जातो. दोन चौसष्टे एकशे अठ्ठावीस, पाच आठे चाळीस, वर तीन: एकशे एकाहत्तर. मुंबईचा ०२२ लिहिलात तर १८ होतील, पुण्याचा ०२० म्हणजे १६, मालेगावचा ०२५५४ म्हणजे १३८८. कंपायलर काही बोलत नाही, कारण त्याच्या दृष्टीने सगळं ठीक आहे.

बंगळूरचा ०८० लिहा आणि चित्र बदलतं. सीचा कंपायलर म्हणतो, ऑक्टलमध्ये ८ हा अंक चालत नाही. जावाचे बरेच कंपायलर तर संख्या फार मोठी आहे अशी तक्रार करतात, आणि ऐंशी ही संख्या मोठी कशी या विचारात मुलं तासभर अडकतात. जुन्या पद्धतीचं जावास्क्रिप्ट ०८० ला गुपचूप दशमान ८० मानतं. म्हणजे एकाच यादीत नाशिकचा कोड बदलला, बंगळूरचा तसाच राहिला. मला यातली सगळ्यात घातक वागणूक हीच वाटते, कारण अर्धी यादी बरोबर दिसते.

इथे एक बारकावा आहे. हा नियम कोडमध्ये लिहिलेल्या संख्येला लागू आहे. वापरणाऱ्याने टाइप केलेला मजकूर कसा वाचला जाईल ते तुम्ही कुठलं फंक्शन वापरता त्यावर ठरतं. सीच्या स्कॅनएफमध्ये टक्का आणि डी दिलात तर ०२५३ चे २५३ होतात, आय दिलात तर १७१. जावात पार्स-इंट २५३ देतं, डीकोड १७१ देतं. यॅमल या सेटिंग लिहिण्याच्या पद्धतीच्या जुन्या १.१ आवृत्तीप्रमाणे वाचणारी साधनंही अवतरणाशिवायच्या ०२५३ चे १७१ करतात.

उपाय एकच आणि तो सगळ्या भाषांत चालतो: ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नसते ती संख्या नसते, तो मजकूर असतो. एसटीडी कोड, खाते क्रमांक, हजेरी क्रमांक, सातबाऱ्यावरचा गट नंबर, हे सगळं स्ट्रिंगमध्येच ठेवा.

शून्याने ऑक्टल ही रीत आली कुठून? आणि पायथन ०१० ला एरर का देतं?

ही रीत सीच्या आधीच्या बी भाषेतून आली. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्सची सुरुवात १९६९ मध्ये पीडीपी-७ या यंत्रावर केली. त्याचा शब्द (यंत्र एका वेळी हाताळतं तेवढा बिटांचा गट) अठरा बिटांचा, म्हणजे ऑक्टलचे नेमके सहा अंक. तिथे ऑक्टल हेच रोजचं लिखाण होतं, म्हणून त्याला एका शून्याची सर्वांत छोटी खूण मिळाली. सुरुवातीच्या सी मध्ये तर ऑक्टलमध्ये ८ आणि ९ लिहिलेलेही चालत आणि ०१९ ची किंमत सतरा होई.

काळ बदलला, ऑक्टलचा रोजचा वापर कमी झाला, खूण मात्र राहिली आणि नकळत फसवू लागली. २००८ च्या पायथन ३ ने ती काढून टाकली. आता ०ओ७५५ असं स्पष्ट लिहावं लागतं आणि ०१० लिहिलं तर सिन्टॅक्स-एरर येतो. मला हा निर्णय अगदी योग्य वाटतो. जावास्क्रिप्टने २०१५ च्या आवृत्तीत ०ओ घेतलं, स्ट्रिक्ट मोडमध्ये जुनी खूण त्याआधीच बंद केली होती. गो ने १.१३ मध्ये, पीएचपीने ८.१ मध्ये, पर्लने ५.३४ मध्ये ०ओ स्वीकारलं, जुनी खूण चालू ठेवून. रस्टमध्ये पहिल्यापासून ०ओ च आहे, आणि तिथे ०१० म्हणजे साधे दहा. सी शार्पमध्ये ऑक्टल लिहायची सोयच नाही, पुढचा शून्य तिथे निव्वळ शून्य.

आमची शेल स्क्रिप्ट सात महिने चालली आणि १ ऑगस्टला बंद पडली. व्हायरस असेल का?

नाही. ही घटना मी स्वतः निस्तरली आहे. कांद्याच्या व्यापारातल्या एका पेढीसाठी रोजच्या पावत्यांचा बॅकअप घेणारी बॅश स्क्रिप्ट होती. ती डेट कमांडकडून महिन्याचा आकडा घ्यायची, त्यातून एक वजा करून मागच्या महिन्याचं फोल्डर शोधायची. जानेवारीत सुरू केली, जुलैअखेरपर्यंत एकही तक्रार नाही. ऑगस्टच्या एक तारखेला सकाळी फोन आला की बॅकअप झालेला नाही. मालकांचा चेहरा उतरलेला, कारण त्याच आठवड्यात हिशोब तपासणी होती.

पडद्यावर संदेश होता: व्हॅल्यू टू ग्रेट फॉर बेस, आणि पुढे ०८. डेट कमांड महिना दोन अंकी देते: ०१, ०२, ०३. बॅशच्या गणिती कंसात शून्याने सुरू होणारा आकडा ऑक्टल असतो. ०१ ते ०७ दोन्ही पद्धतींत सारखेच, म्हणून सात महिने कुणाला काही कळलं नाही. ०८ आला आणि गाडी अडली. दुरुस्त केली नसती तर सप्टेंबरही असाच गेला असता, आणि ऑक्टोबरात पुढचा शून्य नसल्यामुळे स्क्रिप्ट आपोआप सुरू झाली असती. त्या वेळी 'आपोआप बरं झालं' म्हणून कुणी कारण शोधलंही नसतं.

दुरुस्ती तीन खुणांची. आकड्याच्या आधी १० आणि हॅशचं चिन्ह लिहायचं, म्हणजे बॅशला सांगितलं जातं की हा दशमान आकडा आहे. लिनक्सवरच्या डेटमध्ये टक्का आणि एम यांच्यामध्ये छोटी रेघ घातली तरी पुढचा शून्य गळतो. तुमच्या स्क्रिप्टमध्ये महिना, तारीख, तास किंवा मिनिट यांचं गणित असेल तर आजच तपासा. तासाचं गणित असेल तर ती रोज सकाळी आठ ते दहा या वेळात बंद पडत असेल.

सीएचमॉड ७५५ मधले आकडे ऑक्टलच आहेत ना?

हो. सीएचमॉड ही युनिक्स-लिनक्सवर फाइलच्या परवानग्या ठरवणारी कमांड, आणि ऑक्टल आजही टिकून आहे ते प्रामुख्याने इथेच. मालक, गट आणि इतर, प्रत्येकाला तीन परवानग्या: वाचणं ४, लिहिणं २, चालवणं १. तीन परवानग्या म्हणजे तीन बिट, म्हणजे ऑक्टलचा एक अंक. ७ म्हणजे सगळं, ५ म्हणजे वाचणं आणि चालवणं. यूमास्क (नव्या फाइलीतून कुठल्या परवानग्या वगळायच्या ते सांगणारा आकडा) बहुधा ०२२ असतो (आमच्या वर्गात तो मुंबईच्या कोडवरून पाठ होतो). त्यामुळे नव्या फाइलला ६४४ आणि नव्या फोल्डरला ७५५ मिळतात.

चूक होते ती प्रोग्राममधून परवानगी देताना. पायथनच्या सीएचमॉडला नुसते ७५५ दिले तर ते दशमान सातशे पंचावन्न ठरतात, आणि ऑक्टलमध्ये ते १३६३. अंक वाचा: मालकाला ३, म्हणजे लिहिणं आणि चालवणं आहे पण स्वतःचीच फाइल वाचता येत नाही, गटाला ६, इतरांना ३, म्हणजे परक्याला लिहिण्याची मुभा. वर पुढचा १ म्हणजे स्टिकी बिट. ६४४ दिले तर १२०४ होतात: मालक फक्त लिहू शकतो, गटाला काहीच नाही, इतर वाचू शकतात. तिथे ०ओ७५५ आणि ०ओ६४४ च लिहा.

गिटमध्ये माझ्या मराठी फाइलचं नाव आकड्यांचं का दिसतं?

तेही ऑक्टलच. गिट हे कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन इंग्रजीबाहेरच्या अक्षरांचा प्रत्येक बाइट उलटी तिरपी रेघ आणि तीन ऑक्टल अंक अशा रूपात दाखवतं. 'न' हे अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं: ३४०, २४४, २५०. 'नाशिक' या शब्दात न, काना, श, वेलांटी, क अशी पाच चिन्हं, म्हणून पंधरा बाइट, आणि प्रत्येक तिकडीची सुरुवात ३४० २४४ नेच होते. पुढचे तिसरे आकडे क्रमाने २५०, २७६, २६६, २७७, २२५. वर्गात हे फळ्यावर लिहिलं की मुलं लगेच स्वतःचं नाव ऑक्टलमध्ये काढायला बसतात.

फाइल बिघडलेली नसते, फक्त दाखवण्याची रीत तशी असते. गिटच्या सेटिंगमधलं कोअर-डॉट-कोट-पाथ फॉल्स करा, नावं देवनागरीत दिसतील.

षोडशमान असताना ऑक्टल कशाला शिकायचं?

रोजच्या कामात षोडशमान (सोळाच्या घरातली मोजणी, हेक्साडेसिमल) जास्त लागतं हे खरं. ऑक्टलचा काळ होता तो बारा, अठरा आणि छत्तीस बिटांच्या यंत्रांचा. १९६५ चा पीडीपी-८ बारा बिटांचा होता. हे आकडे तीनने जातात. १९६४ ला आयबीएमच्या सिस्टिम ३६० ने आठ बिटांचा बाइट रूढ केला. आठाला तीनने भाग जात नाही, चारने जातो. बाइट ऑक्टलमध्ये ३७७ वर संपतो आणि दोन बाइट जोडले की ३७७ ३७७ न होता १७७७७७ होतात. जोडणीत अंक सरकतात. षोडशमानात तसं होत नाही, म्हणून ते पुढे गेलं.

तरी ऑक्टल भेटत राहतं. सी मध्ये मजकुराच्या शेवटी येणारं उलटी रेघ-शून्य हे ऑक्टलच आहे. टर्मिनलवर रंग आणणारं ०३३ ऑक्टलच, म्हणजे सत्तावीस. टार फाइलच्या मथळ्यात फाइलचा आकार ऑक्टल अंकांत लिहिलेला असतो; मूळ रचनेत अकरा अंक, म्हणून तिथे आठ जीबीची मर्यादा. आणि ओझरच्या विमानतळावर उतरणारं विमान नियंत्रण कक्षाला जो चार अंकी कोड पाठवतं, त्यातही ८ आणि ९ नसतात. ०००० ते ७७७७, एकूण ४०९६ कोड. त्यातला ७७०० आणीबाणीचा, ७६०० रेडिओ बंद पडल्याचा, ७५०० अपहरणाचा.

माणसं कधी आठाच्या घरात मोजत होती का?

कॅलिफोर्नियातले मूळनिवासी युकी लोक मोजत. ते बोटं न मोजता बोटांमधल्या फटी मोजत. एका हाताला चार, दोन हातांना आठ. आपल्याकडे अंगठ्याने पेरं मोजतात, एका हाताची बारा. हात तेवढेच, मोजण्याची जागा वेगळी.

परीक्षेत ०१० + ०१० चं उत्तर किती लिहायचं?

भाषा सी असेल आणि टक्का-डी ने छापायला सांगितलं असेल तर १६. टक्का-ओ असेल तर २०. पायथन ३ असेल तर प्रोग्राम चालणारच नाही, तसं लिहा.

घरी सराव कसा करू?

कॉम्प्युटरशिवाय करा. आम्ही बॅच घेऊन पांडवलेण्याला जातो. जोडी करायची: एकाने पायऱ्या नेहमीसारख्या मनात मोजायच्या, दुसऱ्याने मोठ्याने ऑक्टलमध्ये. सात, एक-शून्य, एक-एक. वळणावर थांबून दोघांचे आकडे ताडून बघायचे. मागच्या वेळी डिप्लोमाची एक मुलगी धापा टाकत 'सात-सात' म्हणाली, पुढच्या पायरीवर पाय ठेवून क्षणभर गप्प राहिली आणि मग जोरात म्हणाली, 'एक-शून्य-शून्य'. तिच्या जोडीदाराचा आकडा होता चौसष्ट.